निडीच्या बांधावरचे प्रशिक्षण

"हात कशाला जोडतेस? भीक मागायला आली आहेस का?" मेजरसाहेब गरजले आणि समोर बसलेल्या सानियाचे हात अधिकच घट्ट जुळले.

पेणच्या रामवाडीत निवृत्त मेजरसाहेब कॉलेजच्या मुलामुलींना लष्करी अधिकारी होण्यासाठी तयार करतात. त्या दिवशी मॉक इंटरव्ह्यू, म्हणजे मुलाखतीची रंगीत तालीम होती. मी रोह्याच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत असले, तरी कोणता साहेब कोणत्या वाक्याला मान वर करतो, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे परीक्षक म्हणून मला सन्मानाने पाचारण करण्यात आले होते.

सानिया रोह्याजवळच्या अष्टमी गावची. वडील कतारला नोकरीस. लेखी परीक्षा ती दोनदा उत्तीर्ण झाली होती. मात्र मागच्या खेपेस निवड मंडळाने तिला पहिल्याच दिवशी परत पाठवले होते. आता पुन्हा बोलावणे आले होते. या वेळीही तसेच झाले तर हा नाद सोडायचा, असे वडिलांनी फोनवर बजावले होते.

मी म्हणालो, "मेजरसाहेब, ही लहानपणापासून आईसोबत कचेऱ्यांच्या रांगेत उभी राहिलेली आहे. हे अर्जदाराचे हात आहेत. ते मी रोज पाहतो. काही दिवस हिला माझ्याकडे पाठवा."

"तुम्ही काय शिकवणार?"

"काही नाही. खुर्ची बदलणार."

दुसऱ्या सकाळी मी तिला माझ्या खुर्चीत बसवले आणि स्वतः पक्षकारांच्या बाकावर बसलो. पक्षकार म्हणजे अर्ज लिहून घ्यायला येणारा माणूस. त्याचे म्हणणे तिने ऐकायचे, काय करावे ते तिने ठरवायचे, लिहिणार मी. सुरुवातीला ती प्रत्येक वाक्याला माझ्याकडे पाही. मी निश्चयपूर्वक रस्त्याकडे पाही.

मग निडी गावची जनाकाकी आली आणि पाठोपाठ तिचा दीर. दोघांनाही एकमेकांविरुद्ध अर्ज हवा होता, आणि तोही माझ्याच हातचा. काकीच्या उन्हाळी भाताचे पाणी दिराच्या वालात उतरत होते, म्हणून त्याने बांधाचे तोंड मातीने बुजवले होते. आता काकीची रोपे कुजू लागली होती.

"माझा वाल मरू दे काय?" दीर ओरडला.

"आन माझा भात? भावजी, तुमाला पेज कोन घालीत होता, इसरलात काय?"

"पेजेचा काय काढतेस गो, वहिनी!"

सानियाने विचारले, "बांधाच्या कडेने नाल्यापर्यंत चर काढता येईल का?"

मग दीर तिच्यावरच उसळला. "तू कोन गो मला सांगनारी? कालची पोर!"

तिचे हात टेबलावर एकमेकांकडे सरकताना मी पाहिले. बोलायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते, महत्प्रयासाने गिळले.

हात मध्येच थांबले.

"आज या खुर्चीत मी हाय, चाचा," ती म्हणाली. "अर्ज आज कोनाचाच नाय. ऊन उतरलं की दोघांनी फावडी घ्यायची. अर्धा चर तुमचा, अर्धा काकीचा. मी बघायला येतेय."

"आन नाय खनला तर?"

"तर मी खनीन. गावाला दिसेल कोन नुसता उभा राहिला ते."

दीर पुटपुटत निघून गेला. पण संध्याकाळी तो फावडे घेऊन बांधावर हजर होता. सानिया अंधार पडेपर्यंत तिथे उभी होती. काकीने तिला चहा दिला, दिराने शिव्या दिल्या. चर मात्र नाल्याला मिळाला.

पुढच्या मॉक इंटरव्ह्यूत मेजरसाहेबांनी विचारले, "लोकांना न आवडणारा निर्णय कधी घेतलास?" तिने निडीची हकीकत सरळ सांगितली. हात मांडीवर होते. पुढे निवड मंडळाने तिच्या नावाची शिफारस केली, मेडिकल पार पडले, आणि आता ती चेन्नईला प्रशिक्षण घेत आहे.

धीट हो, असे तिला सांगण्यात मेजरसाहेबांचे कित्येक महिने गेले. एक खरे भांडण हाती दिल्यावर काम झाले. ते आता प्रत्येक तुकडीतली दोन-तीन मुले माझ्याकडे धाडतात. रोहा तालुक्यात भांडणांचा तुटवडा नाही.