मॅक्रेसाहेबांचा वरचा मजला

दिघीच्या यार्डात ठोकळ्यांवर चढवलेल्या बोटीच्या पोटाखाली बसून मॅक्रेसाहेब डबा खायचे. भरउन्हातही सावलीचं झाड सोडून तिथंच. म्हणायचे, "हितं बसून घास उतरला, तर काम नीट हाय." आम्ही बाकीचे आपले लांब बसायचो, आम्हाला काही जीव नकोसा झाला नव्हता!

मी त्यांच्या हाताखाली वेल्डिंगचा मुकादम. साहेब स्कॉटलंडचे. तिकडे बाप ज्या कारखान्यात जहाजांचे रिव्हेट ठोकायचा, तिथंच हेही शिकले. तो बंद पडल्यावर कोरिया, दुबई करत आमच्या खाडीवर आले आणि रमले. मराठी शिकले ती मासळीबाजारात, बोंबलांची घासाघीस करत. वय झालेलं, हातात खाडीपलीकडे आगरदांड्याला जायची ही एकच फेरीबोट. ती नारळीपौर्णिमेला सुरू झाली तर यार्डाचा मालक त्यांचा करार वाढवणार होता. करार संपला की व्हिसा संपला, आणि मायदेशी त्यांचं कुणी उरलं नव्हतं.

बोट झकास झाली. वर पर्यटकांसाठी काचेचा मजला, साहेबांनीच आखलेला. तपासणीत पासही झाली. मग गावकऱ्यांना घेऊन खाडीत एक फुकट फेरी मारली. फुकट म्हटल्यावर काय, अख्खी दिघी चढली! परतताना जेटी दिसली मात्र, वरचे-खालचे सगळे पाट्या-पिशव्या घेऊन दाराच्या बाजूला उभे. बोट त्या अंगाला भलतीच कलली. सुखरूप लागली, पण साहेबांचा चेहरा उतरला.

मालक म्हणाला, कागद बरोबर आहेत, लोकांना बसून राहायला सांगा. मीही तेच म्हटलं. साहेब शांतपणे म्हणाले, "जेटी आली की आपली माणसं उठनारच. मानूस न्हाय चुकला, बोट चुकली, वर जड झाली. वरचा मजला काप."

पौर्णिमा हुकेल, मी विनवलं. "ठाऊक हाय," म्हणाले आणि खडूनं रेघ मारून दिली. कापताना माझे हात चालत नव्हते, खोटं कशाला सांगू?

मुहूर्त हुकला, करार गेला. मासळी विकायला रोज पलीकडे जाणाऱ्या माझ्या आईनं, बोट लांबली म्हणून साहेबांच्या नावानं बोटं मोडली. मी कारण सांगितलं, तेव्हा तिनं साहेबांच्या डब्यासाठी बोंबील बांधून दिले.

साहेब कायमचे निघाले ते त्याच बोटीनं, आगरदांड्याहून पुढं मुंबईला. शेजारी आई. जेटी दिसली, सगळी गर्दी दाराकडे लोटली. बोट जराशी कलली आणि तिथंच सावरली. आई पाटी उचलत म्हणाली, "चल रं बाबा, आलं."

"तू उतर, आई," साहेब म्हणाले. "सगली उतरू देत."

शेवटचा माणूस जेटीवर पाय टेकेपर्यंत ते बाकावर बसून होते. मग बॅग उचलली.