आक्काच्या हाताचं यश

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत औषधांच्या दुकानात तिच्याच गोळ्या घेत उभा होतो. फोन खिशात टाकला आणि दुकानदाराने पुढे केलेली पिशवी मुकाट्याने घेतली. आता त्या गोळ्यांचं काही काम उरलेलं नाही, हे त्याला सांगायचं सुचलंच नाही... या गोष्टीला दीड महिना झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, बापू, बहिणीला शेवटपर्यंत सांभाळलंस. मी मान हलवतो. त्यांच्यासमोर जे तोंडातून निघत नाही, ते इथं लिहितो आहे.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला नरसिंहपूरच्या बाजूला दिली होती. मूलबाळ झालं नाही, आणि दाजी गेल्यावर सासरच्यांनी न बोलताच तिला जागा दाखवून दिली. मीच तिला सांगवीला, माझ्या घरी घेऊन आलो. घरात कोणी तिला कधी दुखावलं नाही, पण ती आमच्यात पाहुण्यासारखीच वावरली. चहा हवा असला तरी सुमनला, माझ्या बायकोला, आधी विचारायची. सुमन म्हणायची, वन्सं, घर तुमचंच आहे की. आक्का नुसती हसायची.

घरामागे पडलेल्या गोठ्याची जागा होती, दगड आणि घाणेरीने भरलेली. ती तिने पहिल्याच हिवाळ्यात एकटीने साफ केली. मोरीचं पाणी वळवून अळू लावला, मग वांगी, मिरची, गवार. दुसऱ्या वर्षी तुरीच्या वाळल्या काटक्यांच्या मांडवावर घेवडा आणि दोडका चढला. तिसऱ्या वर्षी वारा अडवायला कडेने मका उभा राहिला, आणि आमची भाजी उरून गल्लीत वाटावी लागू लागली. बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या शमीमभाभी कोथिंबीर न्यायला यायच्या आणि तासभर बांधावरच रमायच्या. हळूहळू एक रीतच पडून गेली. कोणाच्या परसात काही लावायचं असलं की पहिलं बी आक्काच्या हातून टाकून घ्यायचं. ज्या बाया ओटी भरायला, हळदीकुंकवाला तिला बोलवत नव्हत्या, त्याच बी घेऊन दारात उभ्या राहायच्या. “आक्का, तुमच्या हाताला यश हाय,” म्हणायच्या. बी टाकायला निघताना ती धुतलेलं लुगडं नेसायची. तेवढं एकच आमंत्रण तिला उरलं होतं.

पाचव्या वर्षी घेवड्यावर माव्याची कीड पडली. आक्काने मला फवारून द्यायला सांगितलं. त्याच सकाळी मी लहान उसात रुंद पानांच्या तणावर तणनाशक मारलं होतं. तो फवारणीचा पंप सोड्याने दोन-तीनदा धुतल्याशिवाय भाजीला लावायचा नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. मला बारामतीला जायची घाई होती. मी पंप एकदा नुसत्या पाण्याने खळखळला, त्यातच माव्याचं औषध भरलं आणि सगळी बाग फवारून मोकळा झालो.

चौथ्या दिवशी घेवड्याचे शेंडे पिळवटले. वांग्याची पानं वळून सुतळीसारखी झाली, मिरची मान टाकून बसली. पाहताक्षणी मला कळलं. आक्का एकेक पान उलटून बघत होती. तिने विचारलं, “काय रोग म्हणायचा रं ह्यो?”

“हवाच खराब हाय औंदा,” मी म्हणालो.

तेव्हाच बोललो असतो तर तेवढ्यावर भागलं असतं. पण आक्काची बाग जळाल्याचं आठवड्यात गल्लीभर झालं. ओसरीवर चहा पीत असताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, बाहेर एक बाई दुसरीला सांगत होती, “रांडाव बाईचं यश किती दिस टिकायचं? आमच्या दोडक्याला नको बाई तिचा हात.” आक्का आत तांदूळ निवडत होती. तिलाही ऐकू गेलं असणार. मी कप खाली ठेवला... आणि पुन्हा उचलला.

त्यानंतर बी घेऊन कोणी आलं नाही. एकट्या शमीमभाभी येत राहिल्या, पण आक्काने बी हातात घेणंच सोडलं. सगळी झाडं तिने स्वतः उपटली. पुढच्या वर्षी तिथे हराळी माजली. मनाला टोचत होतं म्हणून मी रोपवाटिकेतून गुलाब आणि चिक्कू आणून लावले. मी सांगितलं म्हणून ती पाणी घालायची, दिलेलं काम केल्यासारखं. गुलाब वाळले. शेवटी ट्रॅक्टरला जागा हवी म्हणून चिक्कू काढला आणि फरशी टाकली. आक्काला विचारलं तर म्हणाली, “टाक की. तुजीच जागा हाय.”

ती जायच्या चार दिवस आधी, दुपारी, घरात आम्ही दोघंच होतो. सात वर्षं दडवलेलं मी एकदाचं बोललो. आक्का, ती बाग माझ्या पंपानं जळली. मी पंप धुतला नव्हता.

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, “मका कुठं जळला हुता, बापू? समदं पिळवटलं आन मका तेवढा हिरवागार. तणाचं औषिद उसाला, मक्याला लागत न्हाई. जलमभर उसात तणाची भांगलण केली म्या. मला कळंना व्हय?”

मी विचारलं, मग त्या बायकांना का नाही सांगितलंस?

“भावाच्या घरात ऱ्हाऊन भावाचं नाव घिऊ? मग म्या जायाचं कुठं?”

आवाजात राग नव्हता, त्यामुळे माफी मागायलाही जागा राहिली नाही. तिने पाणी मागितलं, दोन घोट घेतले आणि कूस बदलली.

तिच्या खोलीतली खाट अजून हलवलेली नाही. मागच्या फरशीकडे उघडणारी खिडकी तिच्या उशामागे येते. फरशी टाकली त्याच आठवड्यात आक्काने स्वतः ती खाट ओढून फिरवली होती. डोळ्यांवर ऊन येत असेल, असं मी धरून चाललो. परवा सुमन म्हणाली, खाट काढून खोली झाडून घेऊ या. मी थांब म्हणालो. मग दार लावून त्या खाटेवर, ती पडायची तसाच पडलो. तिथून फक्त भिंत दिसते.