शेंगा धरायच्या आधी

बाई, तुझं नाव आता घ्यायचं नाही, म्हणून हे पत्र बिननावाचं. गेलेल्या माणसाला हाका मारून अडवू नये, मान्य. पण तुझ्या पाणथळीचं काय झालं ते तुला कुणीतरी सांगायला हवं.

रेंजरचा शर्ट चढवून वीस वर्षं तू तिथे बाहेरून येऊन माजलेलं, पुरुषभर वाढणारं काटेरी लाजाळू मारलंस. पाठीवर औषधाचा पंप, हातात कोयता आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. डार्विन शहरातले सरकारी साहेब नकाशा घेऊन आले, तर म्हणालीस, "नावेत ठेवा तो, भिजेल. मला झाडं तोंडपाठ आहेत." होतीच.

मार्चमध्ये तू गेलीस. रिवाजाप्रमाणे तुझी पाणथळ बंद झाली. वाटेवरच्या झाडाला लाल फडकं बांधलं. धुरी देऊन उघडेपर्यंत तिथे कुणी पाऊल टाकायचं नाही. एप्रिलअखेर तुझ्या धाकट्या बहिणीने, डोरीनने, लांबच्या उंचवट्यावरून दुर्बीण लावली, तर पाण्याच्या कडेला गुलाबी गोंडे.

"फुललंय," ती सोबतच्या रेंजरला, ओडेलला, म्हणाली.

"किती?"

"पाचसहा झाडं. आज गेलं तर अर्ध्या तासाचं काम. पाच आठवड्यांनी शेंगा फुटल्या की बी वीस वर्षं चिखलात दबा धरून बसेल."

"मग मामांना विचार. माझ्याकडे काय बघतेस? मी काय धुरी देणार?"

पाणथळ उघडणं क्लेमंटमामांच्या हातात. डोरीन भाजलेला मासा घेऊन गेली. मामांनी तो सावकाश खाल्ला, काटे एका बाजूला लावले.

"मामा, तिथल्या चिखलातून आपण खायला कासवं खणून काढतो. झाडं माजली तर पाय ठेवायला जागा उरायची नाही. तिला हे चाललं नसतं."

"असं तू म्हणतेस."

"तीही म्हणायची!"

"तुझ्यापाशी. 'मी गेल्यावर माझं पाणी बंद ठेवू नका,' असं मला येऊन सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी धुरी दिली असती. जागा तिची, शब्दही तिचाच हवा. मी तो ऐकला नाही, पोरी." मामा काटे पुन्हा सारखे करत राहिले. तू त्यांचीही भाचीच.

डोरीन भांडली नाही. भांडायचं कुणाशी? रिवाज तिचाही होता.

शेंगा जूनमध्ये फुटल्या. बी पाण्यावर तरंगत पार कासवांच्या चिखलापर्यंत गेलं. धुरी झाली ऑगस्टमध्ये. पुढच्या पावसाळ्यानंतर तिथे गुडघाभर रोपांचं रान माजलं. डोरीन पंप लावून रोज जाते. ती चोपन्न वर्षांची आहे. वीस वर्षांचा हिशेब तिला कळतो.

तू होतीस तेव्हा, मामांकडे दोघींनी जायचं, पाणी बंद ठेवू नका असं तुझ्या तोंडून त्यांना सांगायचं, हे तूच काढलं होतंस. एका शनिवारी गाडीचं चाक बसलं. दुसऱ्या शनिवारी गळाला मासे भराभर लागत होते, तेव्हा म्हणालीस, "मरणाची बोलणी करायची काय एवढी घाई? पुढच्या शनिवारी जाऊ." आणि डोरीनला, खरं सांगायचं तर, ते बोलणं टळल्याचं बरंच वाटलं.