आमच्या पत्रकातली पूड

ऐंशी-नव्वदच्या दशकांत आमच्या गावात, तलासरी तालुक्यातल्या उधव्याच्या अलीकडे, कुणाला गळू झालं की तो माणूस आमच्या घरी यायचा. माझे वडील प्राथमिक शिक्षक आणि अंधश्रद्धेचे हाडवैरी. भगताकडे जाऊ नका, असं सांगणारी पत्रकं ते स्वतः स्टेन्सिल कापून काढायचे आणि बाजारात वाटायचे. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. त्यातल्या एकात लिहिलं होतं : ‘गळूवर कॅप्सूल फोडून पूड टाका. विज्ञानावर विश्वास ठेवा.’ लाल-काळ्या कॅप्सूलचा डबाच घरी असे. एका कॅप्सूलमध्ये वडील तिघांची गळवं भागवत. आम्हाला त्याचा केवढा अभिमान होता!

मग ताईला गळवं आली. माझी ही मोठी बहीण गावच्या अंगणवाडीत सेविका होती. गळू आधी काखेत, मग मांडीवर. पूड टाकली, काही झालं नाही. वाणगावच्या एका डॉक्टरने इंजेक्शन आणि दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या. गळू बसलं, आठवड्याने दुसरं वर आलं. त्यातच अंगणवाडीतल्या दोन मुलींच्या पायांवर तसलेच फोड उठले.

तलासरीच्या मासिक बैठकीत पर्यवेक्षिका सगळ्या सेविकांसमोर तिला म्हणाल्या, “रोज आंघोळ तरी करता का हो? घाणीतून होतं हे. पुढच्या बैठकीपर्यंत बरं झालं नाही तर मी दुसरी बघते.”

ताई घरी येऊन भांडी आपटत राहिली. “दोन वेळा आंघोळ करते मी. गटारात लोळते का?”

मी तिला डहाणूला सर्जनकडे नेलं. त्याने गळू कापलं, पू बाटलीत घेऊन तपासायला पाठवला. चार दिवसांनी रिपोर्ट आला. नेहमीच्या जवळजवळ सगळ्या औषधांपुढे एकच शेरा : या जंतूवर चालत नाही. आमच्या कॅप्सूलचं औषध त्यात सगळ्यात वर.

मी पुडीचं सांगितलं. सर्जन म्हणाला, “थोडं थोडं औषध दिलं की दुबळे जंतू मरतात, धट्टे उरतात. मग ते टॉवेलवरून, हातावरून पसरतात. स्वच्छ माणसालाही होतं. एकट्या तुमच्या पुडीचं पाप नाही हे. आमच्यातलेही दोन दिवसांच्या गोळ्या देतातच की.”

घरी आल्यावर मी वडिलांना म्हटलं, “नवं पत्रक काढायचं. आम्ही चुकलो, असं लिहायचं.”

“भगत हसेल.”

“हसू दे.”

“अगं, वीस वर्षं घालवली मी यात. लोक परत त्याच्या दारात जातील!”

“मग बाबा, आपण लोकांना खरं सांगत नव्हतो. नुसतं भगताला हरवत होतो.”

ते उठून अंगणात गेले. स्टेन्सिलला त्यांनी हात लावला नाही. मी स्वतः कापली, वेडीवाकडी. आम्ही चुकलो. पूड टाकू नका. गळू घरी फोडू नका. जखम झाकून ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा. डॉक्टरने दिलेलं औषध पुरं करा, आणि गळू पुन्हा पुन्हा आलं तर पू तपासा म्हणून डॉक्टरलाच ठणकावून सांगा.

पुढच्या बैठकीला ताई मांडीला पट्टी बांधून गेली. मी दाराशी उभी होते. तिने पत्रक उघडलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली.

मागून एक सेविका पुटपुटली, “बाय, आमच्याकडं पण हाय ती पुडी.”

“हा बैठकीचा विषय नाही,” पर्यवेक्षिका म्हणाल्या.

“घाणेरडी मला इथेच म्हणालात ना, बाई? मग उत्तरही इथेच ऐका.” ताईने रिपोर्ट त्यांच्या टेबलावर ठेवला. “जखम सुकेपर्यंत पोरांना हात लावणार नाही. तोवर मदतनीस सांभाळेल. पण जागा सोडणार नाही.”

आणि पत्रकाच्या राहिलेल्या ओळी वाचायला तिने पुन्हा सुरुवात केली.