दुसऱ्या कानातलं

काल पेटीतून आबांची, माझ्या वडिलांची, घोंगडी काढली. लोकरीचा वास आला आणि पिंगळीच्या आमच्या ओट्यावरची एक संध्याकाळ आठवली.

मी तेव्हा परभणीला कॉलेजात जात होते, घरातली पहिलीच. मॅडमनी मोबाइलमध्ये पियानो, व्हायोलिन आणि चेलोचं संगीत भरून दिलं होतं. मेंढरं कोंडून झाली की मी इअरफोन लावून ते ऐकत बसायचे. "पोरगी कुण्या पोराचं ऐकायलीय," असं शेजारच्या काकूनं आबांच्या कानावर घातलं. आता कॉलेज बंद, हे मला त्यांचा चेहरा बघूनच कळलं.

आबा घोंगडी टाकून शेजारी बसले. "एक दे हिकडं." इअरफोन कानात घालून ते त्या पोराच्या आवाजाची वाट बघत राहिले.

"ह्यात कोणी बोलत न्हाई."

"न्हाईच बोलत, आबा."

"मग तुझ्या कानात हाय तो. आण."

रेकॉर्डिंग जुनं होतं, वाद्यं दोन कानांत वाटून दिलेली. त्यांच्या कानात तारवाद्यं वाजत होती, माझ्या कानात पियानो. अदलाबदल केली तर त्यांचा संशय वाढलाच. "हे तर येगळंच हाय." मग त्यांनी दोन्ही कानांत घातले आणि डोळे मिटले.

शेवटी म्हणाले, "उद्या जा कालेजला. पण एवढं रडायलंय कोण, ते मॅडमला इचारून ये."

तेव्हा सुटले म्हणून मी हसले होते. आता ते संगीत लावलं की मलाही तेच विचारावंसं वाटतं.