हसणाऱ्यांची नावं

बुद्धप्रिया भोकरच्या एका सरकारी कचेरीत कारकून. बापानं मजुरी करून शिकवलेली, परीक्षा देऊन लागलेली, टायपिंगला लई पक्की. अकरा वर्षांत तिच्या टेबलावर एक फाइल अडली न्हाई. पण कचेरीत तिची ओळख काय, तर हेडक्लार्क वैजनाथची 'स्टेनो'! का, तर टीव्हीवर एक विनोदी कार्यक्रम लागतो. त्यात साहेब स्टेनोच्या मागं टेबलाभोवती पळतो, म्हणतो, "फाइल राहू द्या, तुम्हीच या," अन् ती पदर सावरत लाजते. लाजण्यासारखं हाय काय त्यात? पण घरोघर माणसं पोट धरून हसतात. बुद्धप्रियाची सासू नागुबाईसुद्धा.

दुसऱ्या दिवशी वैजनाथ तेच वाक्य भर कचेरीत बुद्धप्रियाला ऐकवायचा. सगळे खो खो हसायचे. दोन वर्षं तीही हसली. तोंड पाडलं तर आखडू म्हणतील, बिलोलीला बदली करतील, लेकीची शाळा मोडेल. स्वतःच्या त्या हसण्याचाच तिला जास्त संताप यायचा.

नोव्हेंबरात रेकॉर्ड रूममध्ये त्यानं तिचं मनगट धरलं. वाक्य तेच. ती हात हिसकून बाहेर आली, तर हा पठ्ठ्या मागोमाग येऊन तिनं हात कसा हिसकला त्याची नक्कल करून दाखवायला लागला. अन् माणसं हसली! निर्लज्जपणाला काही हद्द असते का न्हाई?

डिसेंबर संपता संपता वार्षिक अहवालाची वेळ आली. लैंगिक छळाच्या किती तक्रारी आल्या, ते दरसाल नांदेडला कळवावं लागतं. कळवायचं म्हणजे मागचा कागद काढायचा, साल बदलायचं अन् 'निरंक' ठेवून द्यायचं, म्हणजे एकही तक्रार न्हाई. हा कागद टाइप करणारी बुद्धप्रियाच. या खेपेला मात्र तिनं फाइलीतला कायदा ओळ न् ओळ वाचला. नको असलेला स्पर्श त्यात होता, घाणेरडे शेरेही होते. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या, असं होतं. गमतीत केलं तर माफ, असं कुठंच नव्हतं. टीव्हीवाल्यांनी ते पान कधी उघडलेलं दिसत न्हाई.

तिनं तक्रार टाइप केली, नियमाप्रमाणं सहा प्रती काढल्या. मग अहवालातलं 'निरंक' खोडून 'एक' टाकलं, अन् कागद घेऊन तक्रार समितीच्या अध्यक्ष उज्वला मॅडमपुढं उभी राहिली. त्या पलीकडच्याच टेबलावर बसायच्या.

मॅडमनी तिला समजावून पाहिलं. वैजनाथ मनाचा वाईट न्हाई, टीव्हीत बघतो ते करतो, बाईमाणसानं हसून सोडून द्यावं, असं सगळं म्हणाल्या.

"टीव्हीतल्या बाईला हसायचा पगार हाय, मॅडम," बुद्धप्रिया म्हणाली. "मला टायपिंगचा हाय."

मॅडमनी पान उलटलं. साक्षीदार म्हणून त्या दिवशी रेकॉर्ड रूमबाहेर हसलेल्या सात जणांची नावं लिहिलेली होती. तिसरं नाव त्यांचंच होतं.

"माझं नाव कशाला घातलंस गं?"

"तुम्ही हसला होता. चौकशीला बसू नका, मॅडम. साक्षीला या."