मान फिरनी का?

बाविस्कर सरांचे आम्ही विद्यार्थी हल्ली भेटतो ते पाठदुखी आणि चष्म्याचे नंबर एकमेकांना सांगायला. सगळे जाहिरातीच्या धंद्यात, सगळे दमलेले. क्लायंटच्या नावाने बोटं मोडून झाली की कुणीतरी सरांचं नाव काढतं आणि समोरचा चहा निवतो. किस्से संपत नाहीत, उलट दर भेटीत एखादा वाढतोच.

*

सरांचा पोस्टर शिकवायचा क्लास नवागामात, पिठाच्या गिरणीच्या वर. आम्ही बहुतेक इकडे पोटासाठी आलेल्या लूम कामगारांची पोरं, मूळची धुळ्या-जळगावकडची. पोस्टर तयार झालं की सर ते खाली गल्लीत बांधलेल्या दोरीवर टांगायला लावायचे. पाळी सुटायची, माणसं पाय ओढत दोरीखालून घरी जायची आणि सर खिडकीतून बघत राहायचे. कुणी वर पाहिलं तर पास. नाही तर पोस्टर उतरवा, नवं करा.

"ताजा माणूस काहीही बघतो," सर म्हणायचे, आणि मग त्यांची अहिराणी सुटायची. "थकेल माणूसनी मान फिरनी का, ते सांग."

*

आमच्या कैलासने एकदा शक्कल लढवली. पंख्याच्या जाहिरातीत पंखा कोपऱ्यात आणि मधोमध हसणारी बाई. गल्लीतल्या झाडून सगळ्या माना वळल्या. कैलास कॉलर ताठ करून उभा!

सर खाली उतरले आणि एका कामगाराला थांबवून विचारलं, "भाऊ, कशानी जाहिरात व्हती?"

तो लाजत म्हणाला, "साबणनी व्हई."

सर वर आले. "मान फिरनी, माल गया."

*

त्याच कैलासला नोकरीसाठी घेऊन सर रिंग रोडवरच्या एका एजन्सीत गेले. शेठ एसीत बसलेला. चित्रं भराभर उलटून म्हणाला, "ठीक छे."

सर म्हणाले, "शेठ, तुम्ही अजून थकलेले नाही. खाली मार्केटात एक चक्कर मारून या, मग बघा."

मे महिना होता. शेठ खरंच गेला का, यावर आमच्यात वाद आहेत. कैलास म्हणतो, गेला, घामाघूम होऊन परतला आणि दारातच सर चित्र धरून उभे होते. नोकरी तिथेच पक्की झाली. ती अजून आहे, आणि कैलास रोज तिला शिव्या देतो.

*

माझं मात्र एकही पोस्टर त्या दोरीवर पास झालं नाही. एका संध्याकाळी दोरीखालून माझे वडीलच गेले. त्यांनीही वर पाहिलं नाही. मी रडले.

"बाप थकेल शे माय, त्याना राग नको धरू," सर म्हणाले. "उद्या परत टांग."

पुढे मला नोकरीला नेलं तेव्हाही त्यांनी तिथल्या साहेबांना खरं तेच सांगितलं. "हिने अजून कुणाची मान फिरवलेली नाही. पण पोरगी दोरी सोडत नाही." मला नोकरी मिळाली. पहिलं वाक्य मात्र आजही टोचतं.

*

आता मी साड्यांच्या दुकानांची होर्डिंगं करते. दिवसभर "बेन, लोगो मोटो करो ने" ऐकते. संध्याकाळी घरी जाताना माझ्याच होर्डिंगकडे माझी मान वळत नाही.

गेल्या महिन्यात सरांनी क्लास बंद केला. गुडघ्यांना जिना झेपेना. मुलगा त्यांना कायमचं गावी न्यायला आला. तो सामान घेऊन रिक्षाने उधना स्टेशनला पुढे गेला आणि सर माझ्या स्कूटरवर मागे बसले. बांधाबांध करून इतके दमले होते की निरोपाला आलेल्या पोरांशीही धड बोलले नव्हते.

मी मुद्दाम पुलाकडचा लांबचा रस्ता घेतला. तिथे डाव्या हाताला माझं एक होर्डिंग आहे. एक निळी साडी, बाकी सगळी जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेसाठी मी दुकानाच्या शेठशी महिनाभर भांडले होते. ते माझं आहे हे सरांना ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. सर गाव गाठण्याआधी ही एक मान मला हवी होती, पण मागून घेतलेली नको होती.

पूल आला. मागचं वजन सरकलं आणि स्कूटर एकदम डावीकडे कलली. मी कशीबशी सावरली.

"नीट चालाड ना माय," मागून सर म्हणाले.